पंधरा दिवसांचा आराम

“मास्तर, तुमची मावशी सुटली बाप्पा,” कामरगावचा तो माणूस शाळेच्या फाटकाशी उभा राहून म्हणाला आणि सायकलच्या हँडलला अडकवलेली पिशवी उगाच सारखी करू लागला. मी सातवीचा वर्ग अर्धा सोडून बाहेर आलो होतो, हातात खडू तसाच होता. सुटली म्हणजे काय हे कळायला मला क्षणभर वेळ लागला, आणि कळल्यावर दुःखाच्या आधी राग आला, खोटं कशाला सांगू... त्या भल्या माणसाचा काही दोष नव्हता. बाजाराच्या कामाला तो कारंज्याला आला होता आणि वाट वाकडी करून मला निरोप द्यायला थांबला होता. पण पुढच्या तेरा दिवसांत हाच शब्द मी इतक्या तोंडांतून ऐकला की कान किटले. सुटली. गुडघ्याच्या जाचातून सुटली. बरं झालं, देवानं सोडवलं. जणू तानामावशी कुठे दावणीला बांधलेली होती आणि दावं तुटण्याची वाटच पाहत होती! तिला सुटायचं नव्हतं हो. तिला या वर्षीच्या सीतादहीला वावरात उकिडवं बसायचं होतं आणि कोणाचा हात न धरता उठायचं होतं. एवढं एकच तिचं मागणं होतं, आणि ते मला ठाऊक होतं. तिला जाऊन दीड महिना झाला. माझा राग अजून उतरलेला नाही, आणि उतरू नये असंच मला वाटतं.

तानामावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. आई माझ्या लहानपणीच गेली, त्यामुळे शाळेची प्रत्येक सुट्टी मी कामरगावला मावशीकडे काढली, आणि मोठा होऊन कारंज्याच्या शाळेत मराठी शिकवायला लागलो तरी हक्काचं घर तेच राहिलं. घरचं वावर होतं, फार नाही, पण खाऊन-पिऊन पुरेल एवढं. यजमान गेल्यावर ते तिनंच सांभाळलं. मुलगा नामदेव औत हाकायचा, सून वच्छला घर आणि वावर दोन्ही बघायची, पण निंदणाच्या दिवसांत सगळ्यांची मालकीण एकटी मावशी. ज्यांनी वऱ्हाडातलं निंदण पाहिलेलं नाही त्यांना सांगतो, हे काम सगळं गुडघ्यांवर चालतं. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, दोन ओळींमध्ये बाई उकिडवी बसते, हातात खुरपं घेते, आणि सकाळपासून दिवस मावळेपर्यंत बसल्या-बसल्याच पुढे सरकत राहते. एकेकीच्या वाट्याला आलेल्या त्या ओळीला पात म्हणतात. मावशीची पात नेहमी सगळ्यांच्या पुढे असे. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, पोचून ती वळायची, कमरेवर हात ठेवायची आणि मागे राहिलेल्या पोरीबाळींना हाका मारायची. एकदा नव्यानं लग्न होऊन आलेल्या एका पोरीला म्हणाली, “काहून वं, गवत काढून राह्यली का पेरून राह्यली?” ती पोरगी लाजून लाल झाली. मग मावशीच परत मागे गेली, तिच्या शेजारी बसली आणि तिची उरलेली पात तिच्याबरोबर काढून दिली. तोंडानं फटकळ आणि हातानं मायाळू, अशी ती होती.

कापूस फुटला की वेचणीला हात लावायच्या आधी आमच्याकडे सीतादही करतात. घरातली जाणती बाई वावरात जाते, पऱ्हाटीच्या एका झाडाखाली जागा सारवते, लहान-लहान दगड मांडते, त्यांना हळदकुंकू लावते, दहीभाताचा नैवेद्य दाखवते आणि मग तो दहीभात चारी दिशांना शिंपडते. त्यानंतर पहिलं बोंड तिनंच वेचायचं, मग बाकीच्यांनी कापूस टाकायला कमरेला ओट्या बांधायच्या. कामरगावात मावशीच्या वावरातली सीतादही पाहायला शेजारपाजारच्या बाया यायच्या, इतकी ती ते मनापासून करायची. तीन वर्षांपूर्वीच्या त्या सीतादहीला मी होतो. गुडघ्यांनी त्याआधी वर्षभर कुरकुर लावलीच होती. बिब्बा लावून झाला होता, त्यानं कातडं उतलं. रुईची पानं तेल लावून, तव्यावर गरम करून बांधून झाली होती. कोणी तरी तापल्या सळईचा डाग घे म्हणून सांगितलं, तोही तिनं निमूट घेतला होता, त्याचे दोन काळे ठसे शेवटपर्यंत होते. त्या दिवशी ती बसली, सगळं नीट केलं, नैवेद्य दाखवला. दहीभात शिंपडायला उठू लागली आणि उठताच येईना. एकदा जोर केला, दुसऱ्यांदा केला. शेवटी दोन बायांनी काखेत हात घालून तिला उचललं. कोणी तरी हसलं. वाईट बुद्धीनं नव्हे, सहज हसलं. मावशी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलली नाही, आणि गप्प बसलेली मावशी मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

तिला कारंज्याच्या डॉक्टरांकडे मीच नेलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे ज्यांच्या-ज्यांच्यावर मी ताशेरे ओढणार आहे त्यांत माझं नाव पहिलं लागतं. आमचं वऱ्हाड मुंबई राज्यात जायच्या आदल्या वर्षीची, मृग लागायच्या आधीची ही गोष्ट. डॉक्टरांचं नाव लिहीत नाही, लिहायचं कारणही नाही, कारण त्यांच्या जागी दुसरे असते तरी हेच झालं असतं. हुशार माणूस, मोठ्या शहरात शिकलेला, बोलणं स्वच्छ आणि मोजकं. ते म्हणाले, हल्ली मुंबईहून एक नवं औषध येतं, ते दंडात किंवा कमरेत टोचायचं नसतं, थेट गुडघ्याच्या सांध्यात सोडायचं असतं. शस्त्रक्रिया नको, प्लास्टर नको. मावशीला बाकावर निजवलं. आधी जाड सुईनं सांध्यात साठलेलं पाणी ओढून काढलं, पिवळसर, पाकाच्या तारेसारखं चिकट, आणि मग त्याच वाटेनं ते पांढरं, दुधासारखं औषध आत सोडलं. मावशीनं पदराचा बोळा दातांत धरला होता. आवाज केला नाही. डॉक्टर हात धुता-धुता म्हणाले, “झालं. आता आराम. पंधरा दिवस पूर्ण आराम बरं का, आजी.”

“पंधरा दिस?” मावशीनं विचारलं. तिचे डोळे चमकले होते, ते मला आजही दिसतात. “पुरे पंधरा दिस आराम, डाक्तरसायब?”

“पूर्ण पंधरा दिवस,” डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी पुढच्या रोग्याला आत बोलावलं.

मी तिथेच होतो. तिच्या चपला हातात घेऊन दाराशी उभा होतो. मी मराठीचा मास्तर! वर्गात पोरांकडून समानार्थी शब्द पाठ करून घेतो, विश्रांती, विसावा, आराम... चुकलं तर छडी दाखवतो. आणि ज्या भाषेत मी वाढलो, ज्या भाषेत मावशीनं मला जेवू घातलं, त्या भाषेत आराम म्हणजे काय हे मला त्या क्षणी आठवलं नाही. आमच्याकडे ताप उतरला की विचारतात, आराम पडला का? पोटदुखी थांबली की सांगतात, आता आराम आहे. आराम ही आमच्याकडे करायची गोष्टच नाही, ती पडते, ती होते. औषधानं आराम पडतो, देवानं आराम पडतो. डॉक्टरांनी सांगितलं, पंधरा दिवस स्वस्थ पडून राहा. मावशीनं ऐकलं, या सुईनं पंधरा दिवस तुझं दुखणं जाईल. दोघंही एकमेकांकडे पाहून हसली होती, आणि मधे उभा असलेला शहाणा चपला सांभाळत होता.

सुईनं काम केलं, आणि काय काम केलं! तिसऱ्या दिवशी मावशी उकिडवी बसली. नामदेवनं मला मुद्दाम निरोप धाडला, माय धावून राह्यली म्हणून. त्या पावसाळ्यात तिनं जुन्यासारखी पात धरली आणि धुऱ्यावर पोचून जुन्यासारख्या हाका मारल्या. दुखणं परत आलं की ती मोटारीत बसून कारंज्याला यायची, माझ्या खोलीवर भाकरीचं गठुडं ठेवायची आणि मला घेऊन दवाखान्यात जायची. डॉक्टर गुडघा दाबून पाहायचे आणि विचारायचे, “काय आजी, आराम झाला का?” मावशी तोंडभर हसून सांगायची, “झाला जी! पुरा पंधरा दिस आराम झाला. सोळाव्या दिसापासून लागलं दुखाले.” डॉक्टर मान डोलवायचे. किती गुणी रोगी आहे, सांगितलं तसं करते, असं त्यांना वाटत असणार. एकदा तर ते माझ्याकडे वळून म्हणाले, “मास्तर, अशी माणसं मिळाली तर डॉक्टरकी सोपी आहे.” मी फुशारलो. माझ्या मावशीची तारीफ झाली म्हणून फुशारलो! त्यांनी एकदा तरी विचारायचं होतं, आजी, पंधरा दिवस काय-काय केलंत? ती खोटं बोलणारी बाई नव्हती. तिनं सांगितलं असतं की सात एकरांचं निंदण काढलं. पण हा प्रश्न विचारायला कोणाला सवड होती? रांग बाहेर पायरीपर्यंत लागलेली असायची.

त्या वर्षीच्या सीतादहीला मावशी बसली आणि उठली. कोणाचा हात न घेता, सरळ, एका झटक्यात. दहीभात शिंपडताना ती माझ्याकडे बघत होती, आणि आदल्या वर्षी हसलेल्या बाईकडेही बघत होती. मी कारंज्याला परतल्यावर शिक्षकांच्या खोलीत या सुईचं कौतुक सांगत सुटलो. विज्ञान कुठल्या कुठे गेलं बघा, म्हणालो. आज ते आठवलं की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटते. ती सुखानं उठली म्हणून मला आनंद झाला होता हे खरं, पण आपण शिकलेले असल्यामुळे हे घडलं, हाही माज त्यात होताच.

पुढच्या वर्षी आराम आखडत गेला. सुईचं सुख पंधराचं दहावर आलं, दहाचं सातवर. मावशी येऊन कुरकुरायची, औषध पातळ झालं म्हणायची. डॉक्टर टोचत राहिले. मला वाटलं, वय झालं. सगळ्यांना हेच वाटतं, आणि एकदा वय झालं म्हटलं की पुढे विचार करावा लागत नाही. या श्रावणात पोळ्याला मी कामरगावला गेलो. मावशी बाजेवर बसून उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवत होती. पाय वाकडा दिसायला लागला होता. मी पाणी प्यायला माजघरात गेलो, रांजणामागचं दार पुढे ओढलं, तर दारामागे भिंतीवर कोळशाच्या उभ्या रेघा दिसल्या, एका ओळीत, सारख्या उंचीच्या. खाली पुसलेल्या जुन्या रेघांचा काळपट डाग होता, कितीदा तरी पुसून-पुसून झालेला. मी सहज विचारलं, मावशी, हे काय मोजतेस?

“माहा आराम हाय थो,” ती म्हणाली. “डाक्तर पंधरा दिसाचा देते ना? सुई टोचून आलो का पंधरा रेघा मारतो. रोज एक पुसतो. जेवढ्या रेघा राह्यल्या तेवढ्या दिसात सारं काम उरकून घ्या लागते, मास्तर. निंदन घे, सारवन घे, येरवी मंग हे गुडघे कायले आयकतात? पर आता डाक्तर फसवून राह्यला मले. ह्या रेघा पाह्य, आठ अजून बाकी हायेत, अन् आराम तं परवाच सरला.”

एका शब्दाचा अर्थ कळायला मला दोन वर्षं लागली होती. ज्या पंधरा दिवसांत तिनं गुडघ्यावर भार द्यायचा नव्हता, नेमक्या त्याच पंधरा दिवसांत ती गुडघ्यावर सगळ्या महिन्याचं काम काढत होती. दुखणं गप्प होतं, म्हणून तिला कळत नव्हतं की आत काय झिजतं आहे. आणि हे सगळं ती कसोशीनं, रेघा मारून, एक दिवस इकडचा तिकडे न होऊ देता करत होती. कारण डॉक्टरांनी सांगितलेलं तिला तंतोतंत पाळायचं होतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या मोटारीनं मी कारंज्याला परत आलो आणि चपला न काढता दवाखान्यात शिरलो. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा उतरला, हे मी मान्य करतो. मग त्यांनी मला समजावलं, आणि ते इतकं सोपं होतं की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ही सुई दुखणं झोपवते, म्हणाले, सांधा बरा करत नाही. दुखणं झोपलेलं असताना गुडघ्यालाही झोपू द्यावं लागतं. नाही तर माणूस झिजलेल्या सांध्यावर धडधाकट समजून नाचतो, आणि असं पुन्हापुन्हा झालं की सांध्याचं वाटोळं होतं. आता तुमच्या मावशींना सुई देता येणार नाही. मी विचारलं, हे चार वाक्यांत तुम्ही मला सांगितलंत, तिला का नाही सांगितलं? ते म्हणाले, “मी पहिल्याच दिवशी आराम सांगितला होता. तुम्ही साक्षी आहात. ही माणसं ऐकत नाहीत मास्तर, काय करणार?”

ही माणसं ऐकत नाहीत! मी तिथे ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा दवाखान्यात आवाज चढवला. म्हटलं, तुमचा एक-एक शब्द भिंतीवर मांडून ठेवणारी बाई आहे ती, तिच्याइतकं तुम्हाला कोणी ऐकलेलं नाही. तुम्ही बोललात ते पुस्तकातलं, आणि ती ऐकत होती घरातलं. बसून राहा, वावरात जाऊ नका, उकिडवं बसू नका, एवढं म्हणायला किती वेळ लागतो? बाहेरची रांग कान देऊन ऐकत होती. त्या रांगेतल्या किती जणांच्या घरी दारामागे अशा रेघा असतील, कोण जाणे.

आता मावशीला सांगायचं होतं. पुढच्या रविवारी मी गेलो. सांगताना मी मान वर केली नाही. ती पाय पसरून गुडघ्यावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, “म्हंजे थो मले बस म्हने, अन् मी पयत होतो?” आणि ती हसायला लागली. खरंच हसली, पोट धरून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हसता-हसता ते पाणी कधी दुसरं झालं हे मला समजलं नाही. वच्छला चुलीपासून उठून आली. मावशी म्हणाली, “बस म्हनाले काय झालतं त्याले? बस म्हनला असता तं बसलो असतो ना मी! दोन वर्सं... अन् तू रे? तू तं आपला होता. तुले नाही समजलं?”

नामदेव तेवढ्यात बाहेरून आला. तो म्हणाला, माय, तू काय बसली असती? तुले कोनी बसवू शकते का? गावात सगळे हेच म्हणत होते, आणि हे म्हणणं किती सोयीचं आहे बघा. बाई कामाची आहे, ती बसणारच नाही, म्हणून तिला बस म्हणायचं कोणाला कारणच नाही. तिच्या जागी पात कोण धरणार, हा प्रश्नच मग येत नाही. मावशीनं मुलाकडे पाहिलं आणि मला विचारलं, “आता बसलो तं? सीतादहीले उठता येईन का?”

मी हो म्हणालो. डॉक्टरांनी तसं काही सांगितलं नव्हतं. उलट, सांधा पार गेलाय असं सांगितलं होतं. पण मी हो म्हणालो, आणि त्या एका खोट्याबद्दल मला अजिबात पश्चात्ताप नाही.

मावशीनं वच्छलाकडून चुलीतला कोळसा मागून घेतला. दारापर्यंत भिंतीला धरत गेली, आराम सरल्यापासून तशाच राहिलेल्या जुन्या आठ रेघा पदरानं पुसल्या, आणि नव्या पंधरा मारल्या. सुई नव्हती, औषध नव्हतं, नुसता आराम. या वेळी पुस्तकातला. आणि ती बसली हो! निंदणाचे ऐन दिवस, वावरात तण कमरेला लागलेलं, बाया दारावरून खुरपी घेऊन जाताहेत, आणि तानाबाई बाजेवर पाय लांब करून बसलेली. लोकांनी टोमणे मारले. डोकरी सासूपना करून राह्यली म्हणाले. ती ऐकायची, आणि तिचं ते फटकळ तोंड मिटूनच ठेवायची. बसल्या-बसल्या शेंगा फोडायची, वाती वळायची. मी रविवारी गेलो की मला दाराशी नेऊन दाखवायची, बघ, एवढ्या पुसल्या. पंधरा दिवस झाले. गुडघ्याची सूज थोडी उतरली, निदान तिला तसं वाटलं. मग कोणी न सांगता, कोणाला न विचारता, तिनं दुसऱ्या पंधरा रेघा मारल्या. सीतादहीला अजून वेळ आहे म्हणाली.

त्या दुसऱ्या पंधरवड्यात तिला ताप भरला. गावात त्या दिवसांत घरोघर ताप होता, त्यातलाच. गुडघ्याशी त्याचा काही संबंध नव्हता. चार दिवस अंगात राहिला आणि पाचव्या दिवशी सकाळी ती गेली. मला कळवायला हवं होतं, पण साधा ताप म्हणून कोणी कळवलं नाही. फाटकाशी सायकलवाला आला तेव्हाच कळलं... बाकी तुम्हाला सांगितलंच आहे. तेराव्याला पंगत उठल्यावर ओसरीवर माणसं बोलत बसली होती. त्यांतला एक जण, आमचा नात्यातलाच, सुपारी कातरत म्हणाला, “डाक्तरनं आराम सांगतला होता म्हनतात. पर थे कोनाचं आयकत होती?” त्याच्या हातातला अडकित्ता मी हिसकून घेतला, एवढंच आठवतं. नामदेवनं मला धरून मागे नेलं. तेराव्याला तमाशा केला म्हणून नातेवाइकांत माझी अजून चर्चा चालते. चालू द्या.

दिवाळीच्या आधी सीतादही झाली. मी रजा काढून गेलो होतो. या वर्षी वच्छला बसली. जागा सारवली, दगड मांडले, दहीभात शिंपडला आणि उठली. तरणी बाई, तिला उठायला काय लागतं? पण उठल्यावर ती पहिलं बोंड हातात घेऊन तशीच उभी राहिली, आणि कोणीच वेचायला सुरुवात करेना. तीन वर्षांपूर्वी हसलेली ती बाईही पदर डोळ्यांना लावून उभी होती. शेवटी नामदेव म्हणाला, चला, ऊन होऊन राह्यलं, तेव्हा ओट्या बांधल्या गेल्या.

घरी परतलो. दिवाळीसाठी वच्छलानं पांढऱ्या मातीनं सगळं घर पोतारून काढलं होतं, भिंती कशा लख्ख दिसत होत्या. मी पाणी प्यायला माजघरात गेलो आणि रांजणामागचं दार पुढे ओढलं. दारामागचा हातभर तुकडा तसाच काळा-मळका सोडलेला होता. चारही कडांनी पोताऱ्याचा हात येऊन थांबला होता, आणि मधे रेघा होत्या. मी वच्छलाला हाक मारली. ती ओले हात पुसत आली आणि जरा घाबरल्यासारखी म्हणाली, “पुसाले धीर नाही झाला, भाऊजी. ताप भरला तवा मी पुसत होती रोजची एक, त्याईले उठता येत नव्हतं म्हून. तं आत्याबाईनं हात धरला माहा. तापाचे दिस मोजू नोको म्हने. पडून राह्यली म्हंजे आराम नाही होत, बरी झाली का उरलेला करतो म्हने पुरा.”

अकरा रेघा आहेत. मी दोनदा मोजल्या. तानाबाई ऐकत नव्हती असं ज्यांचं म्हणणं आहे, त्या सगळ्यांनी एकदा कामरगावला यावं, आमच्या माजघरातलं ते दार पुढे ओढावं, आणि स्वतः मोजून घ्याव्यात.